राजाबाईंनी मोजलेले बावन्न चेंडू

नीलिमा कारखानीस यांना बेसबॉल येत नाही. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बाई विनय करताहेत. विनय कसला? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता. आज सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी तो फेकलाच, तर बारा पावलांवर पडतो, आणि तोही जिकडे फेकला तिकडे नाही. तरीसुद्धा अंबरनाथच्या एका शाळेतल्या मुलींच्या संघाच्या त्या नऊ वर्षं प्रशिक्षक आहेत.

याला कारण त्यांचा उतावळा स्वभाव. निवृत्तीच्या वर्षी शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापकांनी विषय काढला होता, की कबड्डी-खोखोत आपला नंबर लागत नाही, तर जिल्ह्यात ज्याचे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत असा एखादा खेळ घेऊ. दोन सामने जिंकले की मुली वर जातील आणि दहावीला वाढीव गुण मिळतील. बेसबॉल ठरला. कोण बघणार, यावर सभा चाळीस मिनिटं रेंगाळली. नीलिमाबाईंना घरी जायचं होतं. "बघते मी," त्या म्हणाल्या, "संपवा आता." गणित शिकवणाऱ्या बाईंना बेसबॉल कसा येईल, असं कोणीच विचारलं नाही. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

मग त्यांनी केलं ते त्यांना येत होतं तेच. नियमांचं पुस्तक आणलं, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि ज्या गोष्टी मोजता येतात त्या मोजायला सुरुवात केली. चेंडू फेकणाऱ्या मुलीला पिचर म्हणतात, आणि सगळ्यात जास्त झीज तिच्या हाताची होते, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं. कळण्याचं कारण राजसी. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता बदलापूरला बेलवलीत फिजिओथेरपिस्ट. शाळेत असताना गणितात कशीबशी पास व्हायची. तिच्याकडे बाई एका मुलीचा सुजलेला कोपर घेऊन गेल्या, तर तिने मुलीला एक शब्द न बोलता बाईंनाच फैलावर घेतलं.

"किती चेंडू टाकले हिने?"

"जेवढे लागले तेवढे."

"हे उत्तर झालं का, मॅडम?"

तेव्हापासून भिंतीवर तक्ता लागला. सामन्यात पंच्याहत्तरच्या वर चेंडू टाकायचे नाहीत. पन्नाशी ओलांडली की दोन दिवस हात बंद. पंच्याहत्तर झाले तर चार दिवस. मनगट पिळून चेंडू वळवायचे लाड सध्या नकोत, सरळ टाकता येतोय ते पुष्कळ. आणि दुखलं की थांबायचं, लगेच सांगायचं. तक्ता इतका सुंदर होता की नीलिमाबाईंना त्याचा गर्वच झाला. दुसऱ्या शाळांचे प्रशिक्षक एकाच पोरीकडून सकाळ-संध्याकाळ टाकून घेतात, हे त्या नाक वर करून सांगत, आणि ऐकणारा सटकेपर्यंत सांगत.

मोजायला आधी एक लोखंडी यंत्र होतं. ते गंजलं. त्याच सुमारास किर्ती भोपी संघात आली. सोनिवलीची, हाडापेराने मजबूत, फेकणारा हात असा की चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा तळवा लाल व्हायचा. गावातल्या पोरांत क्रिकेट खेळताना हात कोपरात मोडते म्हणून "थ्रो मारते, थ्रो मारते" असं ओरडून तिला दर वेळी बाहेर काढायचे. इथे तोच हात सोन्याचा ठरला. किर्तीबरोबर तिची आजीही यायची, राजाबाई. बिल्डरच्या इमारती उठण्याआधी जिथे भोप्यांचं शेत होतं, तिथेच आता आजीचा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे तिचा जीव रमत नव्हता. म्हणून ती नातीबरोबर मैदानावर येऊन निंबाखाली बसायची. बोटात प्लास्टिकची अंगठी, अंगठीला बटण. एक नाम घेतलं की एकदा दाबायचं, आकडा पुढे सरकतो.

ते यंत्र नीलिमाबाईंना फार आवडलं. उल्हासनगरला हरेशच्या दुकानात त्या तसलंच घ्यायला गेल्या. हरेशने त्यांच्याकडे मायेने पाहिलं.

"अच्छा है, मॅडम. अब भगवान का नाम लेने का टाइम है."

"देवाचं नाव नाही घ्यायचं मला. चेंडू मोजायचेत."

"कुछ भी गिनो. मशीन को थोडी पता है."

या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आधी दहा दिवस नीलिमाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केली होती. बुधवारी उपांत्य सामना, शनिवारी अंतिम. बुधवारी संघ घेऊन रघु गेला. रघु म्हणजे व्यायामाचा तरुण शिक्षक, मुलींना बसमध्ये मोजून चढवण्यात तरबेज, पण सामना तापला की स्वतःच उड्या मारणारा. त्याच्या हातात अंगठी दिली असती तर त्याने ती दुसऱ्या इनिंगला हरवली असती. नीलिमाबाईंनी डोकं लढवलं. ज्या बाईचा अंगठीच्या बटणावर वीस वर्षांचा हात बसलाय तिच्याइतकं बिनचूक कोण मोजणार? त्यांनी राजाबाईंना फोन लावला.

"राजाबाई, किर्तीचे चेंडू तुम्ही मोजायचे. रघुला मध्ये मध्ये आकडा सांगायचा. जमेल?"

"त्यात काय नाय जमायला? रोज हजार मोजतंय मी."

झालं. एवढंच बोलणं. एवढ्याच बोलण्यावर नीलिमाबाई निर्धास्त झाल्या आणि डोळ्यांत थेंब घालून पडून राहिल्या.

संध्याकाळी रघुचा फोन आला, मागे पोरींचा कल्ला. "जिंकलो, मॅडम! नऊ-सात! किर्तीने पाचही इनिंग एकटीने टाकल्या."

"चेंडू?"

"बावन्न. आजींनी दाखवलं ना, अंगठीवर."

बावन्न! नीलिमाबाई उठून बसल्या. पाच इनिंग आणि बावन्न चेंडू, याला म्हणतात शिस्त. तक्त्याप्रमाणे दोन दिवस विश्रांती, गुरुवार आणि शुक्रवार, आणि शनिवारी पोरगी ताजीतवानी. नऊ वर्षांत शाळा अंतिम सामना तीनदा हरली होती. या वेळी नाही. त्यांनी बहिणीला फोन करून पद्धतशीर प्रशिक्षणाचं महत्त्व वीस मिनिटं समजावलं. बहीण नाशिकला असते आणि तिला बेसबॉल आणि बॅडमिंटन यांतला फरक ठाऊक नाही, पण त्याने काही अडलं नाही.

शुक्रवारी त्यांना घरी राहवेना. काळा चष्मा लावून, पदराने तोंड झाकून त्या मैदानावर गेल्या. मुली हलकं पळत होत्या. तक्त्याप्रमाणे किर्ती चेंडूला हात लावत नव्हती. सगळं छान. मग किर्तीचे केस सुटले. ते बांधायला तिने रबर ऋतिकाकडे दिलं, आणि पाठ करून उभी राहिली.

ऋतिका बुवापाड्याची, संघातली दुसरी पिचर. चेंडू असा टाकते की जणू कोणाला लाडू देतेय. तिने खिदळत केस बांधले. नीलिमाबाईंच्या एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पण दुसरा चांगला होता.

"किर्ती, इकडे ये. केस स्वतः का नाही बांधलेस?"

"असंच, मॅडम."

"हात वर कर."

हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथे अडला. कोपर आतल्या बाजूने जरासा फुगला होता.

"कधीपासून?"

"काय नाय होत, मॅडम. झोपले होते त्याच्यावर."

"दुखलं तर सांगायचं, असं तक्त्यावर लिहिलंय ना?"

"सांगितलं की बसवता ना तुम्ही," किर्ती म्हणाली. "मग कोण सांगेल?"

हे नऊ वर्षांत नीलिमाबाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या नियमाने मुली थांबायला शिकल्या नव्हत्या. मुकाट राहायला शिकल्या होत्या. पण त्या विचाराला त्यांनी नंतरची वेळ दिली, कारण बावन्न चेंडूंनी हा हात असा का व्हावा, हे आधी कळायला हवं होतं. त्यांनी रघुकडून बुधवारचा धावफलकाचा कागद मागून घेतला आणि निंबाखाली बसून पेन्सिल काढली.

चार चेंडू वाईट पडले की समोरच्या मुलीला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. अशा नऊ मुली. नऊ चोक छत्तीस. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चांगले चेंडू हुकवून, बाद झालेल्या सहा. सहा त्रिक अठरा. छत्तीस आणि अठरा चोपन्न. इथेच बावन्नच्या पुढे गेलो. आणि कागदावर समोरच्या अजून तेरा मुली होत्या, ज्यांनी चेंडू मारले होते, म्हणजे त्यांनाही चेंडू टाकलेच गेले होते. सातवीतल्या पोराने सोडवावं असं गणित. बुधवारी संध्याकाळी कागदसुद्धा लागला नसता. समोरच्यांच्या सात धावा झाल्यात, एवढं ऐकून शंका यायला हवी होती. शंका आली नाही, कारण उत्तर आवडलं होतं.

राजाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"राजाबाई, बुधवारी तुम्ही मोजलेत कसे?"

"कसं म्हंजे? नीट परला का दाबायचा."

"आणि नीट नाही पडला तर?"

राजाबाईंनी त्यांच्याकडे शाळा न शिकलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "तो कशाला मोजायचा? नाम घेताना मन भलतीकडं गेला, तर तो नाम मोजत नाय आपण. परत घ्यायचा. फुकटचा आकडा वाढवून देवाला फसवायचाय का?"

"आणि समोरच्या मुलीने मारला तो?"

"तिनं मारला तो कसला चांगला?"

नीलिमाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणजे पंचाने स्ट्राइक म्हणून हात वर केला किंवा समोरची मुलगी हवेत बॅट फिरवून फसली, असे बावन्न. वाईट पडलेले वेगळे. मारलेले वेगळे. सगळं धरून एकशे वीसच्या खाली काही येत नव्हतं. एकशे वीस! त्यांच्या तक्त्यात तो आकडाच नव्हता.

राजाबाईंची चूक नव्हती. त्यांना जे मोजणं ठाऊक होतं ते त्यांनी अगदी प्रामाणिकपणे केलं होतं, तुमच्याआमच्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे. एकतीस वर्षं नीलिमाबाईंनी मुलांच्या वह्यांत लाल शाईने लिहिलं होतं, "पंचेचाळीस काय? आंबे, मजूर की मीटर?" आणि अर्धा गुण कापला होता. आणि स्वतः एका बाईच्या हातात यंत्र ठेवून काय मोजायचं ते सांगितलंच नाही. संध्याकाळी राजसीला फोन केला, तेव्हा तीसुद्धा नेमकं तेच म्हणाली, "बावन्न काय, मॅडम?" आणि हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "सोमवारी घेऊन या. तोवर फेकायचं नाही. काहीच नाही. खडासुद्धा नाही."

आता खरं सांगायचं तर, त्या रात्री नीलिमाबाईंच्या मनात जे आलं ते फारसं शोभणारं नव्हतं. हा हिशोब फक्त त्यांनी केला होता. रघुला वजाबाकीसुद्धा कॅल्क्युलेटरवर लागते. तक्त्याप्रमाणे बावन्न, दोन दिवस विश्रांती, शनिवारी मुलगी मोकळी. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. किर्तीला खेळायचंच होतं. दहावीचं वर्ष, आणि बीजगणितात तिची अवस्था नीलिमाबाईंना पुरती माहीत होती. वाढीव गुण तिच्याइतके कोणाच्या उपयोगाचे नव्हते. आणि शाळेच्या जिन्यात, काचेच्या कपाटात, ढालीसाठी एक जागा नऊ वर्षं रिकामी होती. तिथे हल्ली शिपाई किल्ल्या ठेवतो.

सकाळी त्यांनी बसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. किर्ती आज फेकणार नाही. कोणत्याच जागेवर उभी राहणार नाही. बुधवारी एकशे वीस चेंडू पडलेत. आजींनी नाही, मी घोटाळा केला.

 मग किर्ती म्हणाली, "म्हणजे मोजायला तुम्ही चुकलात आणि बाकावर मी?"

"हो."

"हे बरंय!"

"नाही बरं. पण तसंच आहे."

"आये," राजाबाई पुटपुटल्या, "मना सांगायचं तरी सगलं मोज म्हणून."

सामना उल्हासनगरच्या मैदानावर होता. समोर बदलापूरचा संघ. त्यांनी आठवडाभर किर्तीच्या वेगवान चेंडूंचा सराव केला होता, आणि आले ऋतिकाचे लाडू. त्या पोरींच्या बॅट चेंडू पोचायच्या आत फिरायच्या. दोन इनिंग समोर एकही धाव नाही. नीलिमाबाईंना क्षणभर वाटून गेलं की आपण मुत्सद्दी आहोत. तिसऱ्या इनिंगला समोरच्यांना थांबायचं असतं हे कळलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. तरी आपल्या मुली खेळल्या. शेवटच्या इनिंगला आठ-आठ, समोरच्या दोन मुली बाद, एक तिसऱ्या बेसवर, धावेच्या तोंडाशी, आणि ऋतिका रडकुंडीला आलेली.

रघु धावत आला. "मॅडम, एकच मुलगी बाद करायचीय. तीन चेंडूंचा खेळ. किर्तीला घाला."

मागून किर्ती. ग्लोव्ह आधीच घातलेला. "नाय दुखत, मॅडम. देवाशप्पथ. तीन चेंडू. पाच फार तर."

नीलिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि इथे त्यांना स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती ही, की त्यांनी मनातल्या मनात तीन आणि एकशे वीस यांची बेरीज केली. एकशे तेवीस. काय मोठा फरक पडतो? तोंड उघडलंसुद्धा. "जा" हा शब्द जिभेवर होता.

"पाणी पी आधी," त्या म्हणाल्या, वेळ काढायला.

किर्तीने बाटली घेतली. उजव्या हाताने झाकण फिरवायला गेली, तोंड किंचित वाकडं झालं, आणि तिने बाटली काखेत धरून डाव्या हाताने झाकण उघडलं. अगदी सहज. सवय झाल्यासारखं.

"बस खाली," नीलिमाबाई म्हणाल्या.

"मॅडम, प्लीज!"

"बस."

"मॅडम, अहो, जिल्हा आहे!" रघु.

"तूही बस."

ऋतिकाने चेंडू टाकला. समोरच्या मुलीने तो थांबून, शांतपणे, बघून मारला. नऊ-आठ. मग पुढची बाद झाली, आणि आपल्या मुलींना उत्तर देता आलं नाही. संपलं. बक्षीस समारंभात नीलिमाबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि किर्ती पाठ करून उभी राहिली. बसमध्ये ती बोलली नाही. तिचे वडील महेश यांनी रात्री फोन केला. ते फार सभ्य शब्दांत बोलले, आणि ते शब्द नीलिमाबाई कोणाला सांगत नाहीत.

सोमवारी राजसीच्या दवाखान्यात तिघी गेल्या. राजसीने कोपर दाबला, वाकवला, फोटो काढून आणायला लावला, डॉक्टरांशी बोलली. फाटलेलं काही नाही. सूज आहे, ताण आहे. सहा आठवडे फेकणं बंद, मग सहा पावलांवरून हळूहळू.

"शनिवारी टाकले असते तर?" किर्तीने विचारलं. शनिवारच्या सामन्यानंतर नीलिमाबाईंच्या हजेरीत तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

नीलिमाबाई राजसीकडे आशेने पाहू लागल्या. आता ही सांगेल, की हात गेला असता, आयुष्यभराचं झालं असतं, तुझ्या मॅडमनी वाचवलं.

"सांगता येत नाही," राजसी म्हणाली. "वाढलं असतं. किंवा पाच चेंडूंनी काहीच झालं नसतं. खरंच सांगता येत नाही."

किर्तीने मान वळवली. "ऐकलंत, मॅडम?"

"ऐकलं."

"म्हणजे तुम्ही शनिवारीपण चुकला असाल."

"असेन."

"परत असं झालं तर?"

"परत बसवीन."

"येडीच आहे ही बाई," किर्ती आजीला म्हणाली. राजाबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली, पण जोरात नाही. मतभेद फारसा नसावा.

बाहेर पडताना किर्तीने आपली सॅक उचलली, थांबली, आणि नीलिमाबाईंसमोर धरली. आत ग्लोव्ह होता, स्पाइक्सचे बूट होते, आणि दहावीची सगळी गाइडं.

"हात वापरायचा नाही सांगितलंय ना."

सॅक खांद्याला लावल्यावर नीलिमाबाई एका बाजूला कलल्या. रिक्षा स्टँड चांगला दहा मिनिटं लांब. किर्ती पुढे चालत होती, हात हलवत, आजीशी काहीतरी बोलत, मध्येच हसत. डावा हात तर ठणठणीत होता. नीलिमाबाईंना तो स्पष्ट दिसत होता, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेसुद्धा. त्यांनी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि पावलं उचलली, कारण पोरगी भराभर चालते.